पडद्यावरचा कापूस

अमेरिकन चित्रपट आणि इतर देशांतील चित्रपट यांची तुलना निघाली, कीं दोन ठराविक मतें ऐकावयास मिळतात. एक पक्ष म्हणतो, अमेरिकन चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक. खरी कला पाहावयाची असेल तर इटली, जपान, इराण या देशांकडे वळलें पाहिजे. दुसरा पक्ष विचारतो, तुमची ती खरी कला म्हणजे संथ गति, उदास चेहरे आणि शेवट नसलेली गोष्टच ना? दिवसभर राबलेल्या माणसानें तिकीट काढून आणखी दुःख विकत कां घ्यावें? दोन्ही मतांत थोडेंफार तथ्य आहे. परंतु तीं बहुधा चित्रपट पाहण्यापूर्वींच बनलेलीं असतात, हा त्यांचा मोठा दोष होय. ज्यास या वादांत कांहीं शिकावयाचें असेल त्यानें दोन्ही प्रकारचे चित्रपट शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले पाहिजेत. आणि शक्य तर अशा विषयावरचे पाहिले पाहिजेत, कीं ज्याची पारख पाहणाऱ्यांस स्वतःच्या अनुभवानें आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत असा विषय शोधावयास लांब जावें लागत नाहीं. पऱ्हाटी कशी दिसते, बोंड केव्हां फुटतें, वेचणीनें बोटांची काय दशा होते आणि कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यांत दारांत उभा राहतो, हें येथें कोणासही शिकवावें लागत नाहीं. म्हणून आम्हीं कांहीं स्नेह्यांनीं मिळून तीन चित्रपट निवडले: एक अमेरिकन, एक इटालियन आणि एक आपला मराठी. महिन्यांतील एका रविवारीं एक, याप्रमाणें ते पाहिले आणि प्रत्येकानंतर दीड-दोन तास बसून बोललों. मंडळी निरनिराळ्या थरांतील होती. एक निवृत्त शिक्षक, जिनिंगमध्यें हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, महाविद्यालयांत शिकणारा एक तरुण, स्वतः नांगर धरणारे दोन शेतकरी, आणि दरवर्षीं वेचणीस जाणाऱ्या एक बाई. परभाषेंतील संवाद तो तरुण मधून मधून वऱ्हाडींत सांगत असे. त्यामुळें आमची चर्चा चित्रपट संपण्यापूर्वींच सुरू होई, हें कबूल केलें पाहिजे.

चित्रपट पाहून त्यावर एकत्र बसून बोलण्याची ही रीत आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. १९५२ सालीं मुंबईस पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सव भरला, तेव्हां इटलीचे नवे वास्तववादी चित्रपट येथील लोकांनीं प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिले. १९५९ सालीं फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी संघ स्थापन झाला व सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. मुंबईंत १९६८ सालीं प्रभात चित्र मंडळ सुरू झालें, आणि त्या मंडळानें ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकाच्या द्वारें चित्रपटाविषयीं मराठींत गंभीरपणें लिहिण्याची संवय लाविली. पूर्वीं जिल्ह्याच्या गांवीं या संस्थांचा आवाज क्वचितच पोंचे, कारण चित्रपटाच्या रिळांच्या जड पेट्या पुण्या-मुंबईहून आणावयाच्या आणि त्या दाखविण्याचें यंत्र मिळवावयाचें, हेंच मोठें काम होतें. आज ती अडचण उरलेली नाहीं. चित्रपट घरबसल्या मिळतो. दुर्मिळ झाली आहे ती त्याच्यासमोर एकत्र बसण्याची संवय.

पहिला चित्रपट रॉबर्ट बेंटन यांचा ‘प्लेसेस इन द हार्ट’. तो १९८४ सालचा. काळ १९३५ चा, स्थळ टेक्सस प्रांतांतील वॅक्सहॅची गांव. दिग्दर्शकाचा जन्म याच गांवचा. गांवचा शेरीफ एका दारू प्यालेल्या काळ्या पोराच्या हातून, कांहीं हेतु नसतां, गोळी लागून मरतो. गोरे लोक त्या पोरास ठार मारतात. शेरीफाची विधवा एडना हिच्या अंगावर दोन मुलें आणि गहाण पडलेलें शेत येऊन पडतें. मोझ नांवाचा एक काळा भटका मजूर तिच्या दारीं येतो. त्यास कापसाची विद्या अवगत आहे. त्याच्या भरंवशावर ती कापूस लावते. हंगामांतील पहिली गांठ जो आणील त्यास शंभर डॉलरचें बक्षीस असतें. तें मिळविलें तरच बँकेचा हप्ता भरतां येणार. रक्ताळलेल्या बोटांनीं रात्रंदिवस वेचणी करून ती तें बक्षीस मिळविते.

हा चित्रपट आमच्या मंडळींस मनापासून आवडला, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. बियाणें विकणारा एडनास हलक्या प्रतीचें बियाणें देऊं पाहतो आणि मोझच्या तें ध्यानांत येतें, त्या प्रसंगीं तर खोलींत हंशा पिकला. जिनिंगमधील गृहस्थ म्हणाले, “बोगस बियाणं टेक्ससातही आहे म्हणायचं!” कापसाचा भाव ठरवितांना मोझ आपल्या मालकिणीस पढवितो तो प्रसंग मंडळींनीं दुसऱ्यांदा लावावयास सांगितला. ज्या चित्रपटास यवतमाळचा शेतकरी इतका आपला म्हणतो, त्यास ‘निव्वळ करमणूक’ म्हणून हिणविणें योग्य होणार नाहीं. सॅली फील्ड या नटीस एडनाच्या भूमिकेबद्दल व बेंटन यांस पटकथेबद्दल ऑस्कर मिळालें, तें उगीच नव्हे. शिवाय त्याच वर्षीं ‘कंट्री’ व ‘द रिव्हर’ हे शेतकऱ्याच्या हलाखीवरचे आणखी दोन अमेरिकन चित्रपट निघाले होते. अमेरिकेंतही त्या सुमारास कर्जापायीं शेतें लिलांवांत निघत होतीं. आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, मार्च १९८६ मध्यें, आमच्याच जिल्ह्यांतील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबानें सामुदायिक मृत्यु पत्करला. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची जी दुःखद मालिका सांगितली जाते तिचा आरंभ पुष्कळ लोक त्या घटनेपासून धरतात. दोन खंडांत कर्जाची जात एकच होती. ती झेपण्याची ताकद मात्र एक नव्हती.

चर्चेंत पहिला आक्षेप आम्हींच घेतला. आमचें म्हणणें असें कीं, एडना जिंकते यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ती कष्ट करते म्हणून जिंकते, अशी या गोष्टीची रचना आहे. कष्टास यश हटकून येतें असें एकदां ठरलें, कीं ज्यास यश आलें नाहीं त्यानें कष्ट केले नाहींत, असा अर्थ आपोआप निघतो. इतरत्र हा अर्थ निरुपद्रवी असेल. ज्या गांवांत अपयशी शेतकऱ्याचें घर आपल्या घरापासून चार पावलांवर आहे, तेथें तो निरुपद्रवी राहत नाहीं. मागें राहिलेल्या विधवेकडे गांव कोणत्या नजरेनें पाहतें, हें त्या अर्थावर अवलंबून असतें.

हा आक्षेप मांडून आम्ही मनांतल्या मनांत थोडे संतुष्ट होऊन बसलों होतों, तोंच त्या वेचणीच्या बाई म्हणाल्या, “सिनेमात तरी तिले पैसे भेटू द्या ना, भाऊ. आमी तं उद्या वावरात जाऊच.” यास उत्तर काय द्यावें हें आम्हांस सुचलें नाहीं. आणि मग क्षणभर थांबून त्यांनींच विचारलें, “पण त्या मोझचं मंग काय झालं? कापूस तं त्यानंच पिकवला.”

मोझचें काय होतें तें सांगतों. पीक हातीं आल्यावर रात्रीं तोंडावर पांढरे बुरखे घेतलेले लोक येतात, त्यास मारतात, आणि तो गांव सोडून निघून जातो. ज्याच्या विद्येनें शेत वांचलें त्यास त्या शेतांत जागा नाहीं. चित्रपट हें दाखवितो. लपवीत नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु मोझ कोठें गेला, त्यानें पुढें काय खाल्लें, याचा शोध घेण्यास तो थांबत नाहीं, कारण गोष्ट एडनाची आहे. शेवटीं देवळांत प्रार्थना चालली असतां प्रसादाची भाकरी व द्राक्षरस हातोहात फिरतो, आणि बांकांवर आपणांस जे गेले ते सर्व बसलेले दिसतात: मेलेला शेरीफ, त्यास मारणारा तो पोर, आणि हांकलून दिलेला मोझ. तें दृश्य फार उदात्त आहे. गुरुजींनीं त्यांतील ख्रिस्ती कल्पना समजावून सांगितली व सर्वांस ती पटलीही. परंतु बाईंचें म्हणणें असें पडलें कीं, त्या बांकावर मेलेलींही माणसें बसलीं आहेत. म्हणजे मोझला जागा मिळाली ती या जगांत मिळाली नाहीं. आम्हीं चित्रपटविषयक पुष्कळ परीक्षणें वाचलीं आहेत. याहून मार्मिक परीक्षण आमच्या वाचनांत क्वचितच आलें असेल.

दुसऱ्या रविवारीं व्हित्तोरिओ दे सीका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला. १९४८ सालचा हा इटालियन चित्रपट इतका प्रसिद्ध आहे, कीं त्याची कथा सांगण्याची आवश्यकता नाहीं. युद्धानंतरच्या रोम शहरांत भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें काम मिळालेल्या एका गरिबाची सायकल पहिल्याच दिवशीं चोरीस जाते. तो आणि त्याचा लहानगा मुलगा ती शोधीत शहरभर फिरतात. येथें कापूस नाहीं, शेतही नाहीं. तरी तो आम्हीं निवडला याचें कारण असें कीं, ज्या साधनावर पोट चालतें तें साधनच हातचें जावें, हें दुःख बैल विकावा लागलेल्या शेतकऱ्यास नवें नाहीं. शेवट तर सर्वांस ठाऊक आहे. बाप स्वतःच एक सायकल चोरूं जातो, पकडला जातो, लोक त्यास सोडून देतात, आणि मुलगा त्याचा हात धरतो. दोघे गर्दींत मिसळून जातात. सायकल मिळत नाहीं.

या चित्रपटांतील ज्या दृश्यावर मंडळी सर्वांत अधिक बोलली तें आरंभींचें आहे. गहाण पडलेली सायकल सोडविण्यासाठीं बायको घरांतील चादरी गहाण ठेवते. दुकानांतील नोकर ती गांठोडी घेऊन फळ्यांवर चढूं लागतो. आणि फळ्यांवर, वरपर्यंत, अशाच गांठोड्यांच्या राशी दिसतात. एक शब्द न बोलतां दिग्दर्शकानें सांगितलें कीं ही एका घराची गोष्ट नव्हे. जिनिंगमधील गृहस्थ म्हणाले, “आमच्याकडे हे दृश्य सोनाराच्या तिजोरीत दिसेल.” आम्हांस वाटतें, दोन प्रकारच्या चित्रपटांतला खरा भेद या फळ्यांवर आहे. अमेरिकन चित्रपट संकटांत सांपडलेल्या माणसास विचारतो, “आतां तूं काय करणार?” हा चित्रपट संकटासच विचारतो, “आणखी कोणाकोणाच्या घरीं जाऊन आलास?” पहिल्या प्रश्नास उत्तर असतें, म्हणून त्या गोष्टीस शेवट असतो. दुसऱ्याचें उत्तर पडद्यावर संपणारें नसतें.

हा भेद कशानें झाला, याचाही विचार केला पाहिजे. नाहींतर आपण एका राष्ट्रास उथळ व दुसऱ्यास सखोल ठरवून मोकळे होऊं. दे सीका भांडवल मिळविण्याच्या खटपटींत असतां अमेरिकन निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनीं पैसे देण्याची तयारी दाखविली होती. अट एवढीच कीं नायकाचें काम कॅरी ग्रँट या नामवंत नटानें करावें. दे सीकांनीं नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यांतील कामगारास उभें केलें. येथें सेल्झनिक यांस हंसण्याचें कारण नाहीं. ज्यानें पुष्कळ पैसे घातले त्यास ते पुष्कळ लोकांकडून परत मिळवावयाचे असतात. त्यासाठीं सर्वांस ओळखीचा एक चेहरा लागतो आणि सर्वांस घरीं सुखानें झोंपूं देणारा एक शेवट लागतो. हा भांडवलाचा हिशेब आहे, अमेरिकन माणसाचा स्वभाव नव्हे. आमचा धंदेवाईक हिंदी-मराठी चित्रपट हाच हिशेब करतो. जॉन फोर्ड यांच्यासारख्या थोर दिग्दर्शकासही तो चुकला नाहीं. स्टाइनबेक यांच्या कादंबरीवरून १९४० सालीं झालेल्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या चित्रपटांत देशोधडीस लागलेल्या शेतकरी कुटुंबाचे प्रसंग मुळांतल्याहून निराळ्या क्रमानें लाविले आहेत, आणि सरकारी छावणींतील बऱ्या दिवसांचा भाग शेवटाकडे नेला आहे. तरीही तो चित्रपट मोठा आहे. उलट, ‘बायसिकल थीव्हज’ची थोरवी ओळखून त्यास विशेष ऑस्कर देणारी संस्था अमेरिकेंतलीच होती.

आणि वास्तवाचा हा मार्ग आपणांस इटलीनेंच दाखविला, असेंही समजण्याचें कारण नाहीं. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालींच ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला होता. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील या चित्रांत सावकारापायीं जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें. तें चित्र आज पाहावयास मिळत नाहीं, ही आपली हानि. १९५३ सालचा बिमल रॉय यांचा ‘दो बीघा ज़मीन’ इटालियन चित्रपटाचा ऋणी आहे असें म्हणतात, तें खरेंच आहे. परंतु ती कथा सांगण्याची गरज या मातीस पूर्वींच जाणवली होती.

तिसरा चित्रपट सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’. विदर्भांतल्या शेतकऱ्याची ही कथा २००९ सालीं रॉटरडॅमच्या महोत्सवांत दाखविली गेली. नांवांतली शिवी वऱ्हाडी आहे आणि ती पावसास दिलेली आहे. एवढ्यावरूनच चित्रपट कोणत्या मुलखाचा तें कळतें. शेजारच्या एका शेतकऱ्यानें आत्महत्या केली आहे. अलकेच्या मनांत भय बसतें कीं आपला नवरा किसनाही तसेंच करील. ती त्यास एकटें सोडीत नाहीं. गोडधोड करून घालते. लहान मुलास त्याच्या पाळतीवर ठेवते. किसनास याचा उलगडा होत नाहीं. गिरीश कुलकर्णी व सोनाली कुलकर्णी यांनीं हें दांपत्य इतकें सहज उभें केलें आहे, कीं आमची मंडळी पहिला अर्धा तास पोट धरून हंसत होती. शेवट येथें सांगत नाहीं. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं पाहावा.

चर्चा सुरू झाल्यावर तरुणानें एक कठोर प्रश्न केला. तो म्हणाला, “आमचं दुःख परदेशातल्या महोत्सवांना आवडतं, म्हणून तर असे चित्रपट निघत नाहीत ना? श्रीमंत देशाला आमचा विजय नको असेल. त्याला आमचं मरण बघायचं असेल.” हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. दारिद्र्याचें प्रदर्शन मांडून कीर्ति मिळविणारे चित्रपट जगांत आहेत. ते अमेरिकन नसले म्हणून प्रामाणिक ठरत नाहींत. जसा ठराविक सुखान्त असतो तसा ठराविक दुःखान्तही असतो, आणि दुसरा अधिक फसवा, कारण तो गंभीर दिसतो. कसोटी एकच: दुःख भोगणाऱ्या माणसास दिग्दर्शकानें हंसूं दिलें आहे कीं नाहीं, भांडूं दिलें आहे कीं नाहीं, कीं नुसतें मरावयास उभें केलें आहे?

याचें उत्तर आम्ही देण्यापूर्वींच दोन शेतकऱ्यांपैकीं एक, जे तोंवर फारसें बोलले नव्हते, हळूच म्हणाले, “आमच्या घरीबी फवाऱ्याचं औषध बायको कुलपात ठेवते. इचारलं तं म्हणते, लेकराच्या हाती लागू नये.” थोडा वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग ते पुढें म्हणाले, “आज समजलं ते कुलूप कोनासाठी हाय ते.” वेचणीच्या बाईंनीं मान हलविली. त्या म्हणाल्या, “बायकोले इचारू नका. घरी जाऊन बोला तिच्यासंग.”

आम्हांस वाटतें, तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर यांत आलें. रॉटरडॅमच्या प्रेक्षकानें त्या चित्रपटांत काय पाहिलें असेल तें असो. यवतमाळच्या प्रेक्षकानें त्यांत आपल्या घरचें कुलूप पाहिलें. ज्या कृतीच्या साहाय्यानें माणूस आपल्याच घरांतलें न बोललेलें बोलणें ऐकूं शकतो, ती कृति कोणाच्या महोत्सवांत गाजली याची चौकशी दुय्यम आहे. पण हेंही तितकेंच खरें कीं तें बोलणें चित्रपटानें एकट्यानें घडवून आणलें नाहीं. सहा-सात माणसें एकत्र बसलीं होतीं, दिवे लागले होते, आणि उठून जाण्याची कोणास घाई नव्हती, म्हणून तें घडलें. ज्या चित्रपटांस शेवट नाहीं अशी तक्रार आपण ऐकतों, त्यांचा शेवट बहुधा अशा बैठकींत व्हावयाचा असतो. एकट्यानें पाहणाऱ्यास ते अपुरे वाटतात, यांत आश्चर्य नाहीं.

मग अमेरिकन चित्रपट पाहावयाचे नाहींत काय? आमच्या मंडळांत तशी सूचना निघाली होती; आम्हीं तिला विरोध केला, आणि विरोधाचें बळ आम्हांस त्या बाईंनींच दिलें होतें. एडनास पैसे मिळाले याचा त्यांस मनापासून आनंद झाला, आणि त्याच मनानें त्यांनीं मोझची चौकशी केली. आशा हवी असणें आणि आशेची किंमत कोणी भरली हें विचारणें, या दोन गोष्टी त्यांना परस्परविरुद्ध वाटल्या नाहींत. त्या विरुद्ध आहेत असें आम्हां शिकलेल्यांस वाटत होतें. धंदेवाईक चित्रपट आपल्या नायकापुरता “मग काय झालें?” हा प्रश्न मिटवून टाकतो, परंतु नायकाच्या आजूबाजूस तो प्रश्न अनेक ठिकाणीं उघडा राहिलेला असतो. इटालियन आणि मराठी चित्रपट आपणांस तो प्रश्न विचारण्याची संवय लावतात. ती एकदां लागली म्हणजे अमेरिकन चित्रपटांतही मोझ दिसूं लागतो. एकानें दुसऱ्यास हद्दपार करावें यापेक्षां एकाच्या उजेडांत दुसरा पाहावा, यांत रसिकाचा लाभ अधिक आहे.

पुढील बैठकीस कोणता चित्रपट घ्यावा याविषयीं अद्याप एकमत झालेलें नाहीं. तरुणास इराणी हवा आहे, गुरुजींस चॅप्लिन. त्या शेतकरी गृहस्थांनीं मात्र एवढेंच विचारलें कीं पुढच्या रविवारीं बायकोस बरोबर आणलें तर चालेल काय? वेचणीच्या बाईंनीं आमच्या आधींच होकार दिला.